हात वर

मिरीच्या आसारामनं छातीत दम भरला आणि 'हुतूतू' म्हणत तो तिसगावच्या अंगणात शिरला. दोन्हीकडचे बाकी सगळे गडी बाद होऊन रेषेबाहेर बसले होते. इकडे एकटा गहिनीनाथ, तिकडे एकटा आसाराम. ज्याचा गडी टिकेल त्याच्या गावाला ढाल. लढाईचं साल, बत्त्यांना रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून मिरीतला हा सामना भर उन्हात लावला होता.

तिसगावचा वस्ताद खाजाभाई रेषेपाशी उकिडवा बसला होता. त्याचे ओठ हलत होते. दुवा मागत असणार. माग म्हणावं, गहिनीनाथच्या मनात आलं, पाहिजे तेवढी माग. वर्षभर तो याच दिवसाची वाट बघत होता.

गेल्या साली ही ढाल तिसगावनंच जिंकली होती. त्या सामन्यात गहिनीनाथला हात लागला होता, पंचाला दिसला नव्हता आणि पोरगं गप्प राहिलं होतं. खाजाभाईच्या तालमीत नियम एकच: हात लागला की पंचानं विचारायच्या आधी आपला हात वर. दुसऱ्या दिवशी गहिनीनाथ दोस्तांत फुशारकी मारत होता, ती वस्तादाच्या कानावर गेली. त्यानं पोराला ना मारलं, ना शिव्या दिल्या. ढाल त्याच्या डोक्यावर दिली, चार कोस चालवत मिरीला आणलं आणि चावडीपुढं, भर बाजारात, नाक घासून 'मी लबाडी केली' म्हणायला लावलं. बाया पाट्या खाली ठेवून बघत होत्या. तेव्हापासून तिसगावात त्याला लबाड गहिन्या म्हणायला लागले. बापानं चार महिने बोलणं टाकलं.

गावानं खाजाभाईलाही सोडलं नव्हतं. घरात आलेली ढाल आपल्या पायांनी परत दिली म्हणून आबासाहेब पाटलांनी त्याला चारचौघांत सुनावलं होतं, यंदा ढाल आली नाही तर पोरं दुसऱ्या वस्तादाच्या हाती देऊ. खाजाभाईला ना बायको, ना पोर, ना दुसरा नाद. तालीम गेली की माणूस संपला. हे गहिनीनाथला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर वर्षभर त्यानं सगळ्यांपेक्षा जास्त घाम गाळला. शेवटचा गडी त्यालाच उरायचं होतं.

आसाराम पायावर झेपावला. गहिनीनाथनं पाय काढला. मधे चांगलं वीतभर अंतर राहिलं. दम तुटायच्या आत आसाराम कसाबसा रेषेपलीकडं जाऊन पडला आणि घोटा धरून बसला. आता पाळी गहिनीनाथची आणि समोर उठताही न येणारा गडी. तिसगावची पोरं आत्ताच नाचायला लागली. पंच म्हणजे रजेवर आलेला एक हवालदार होता. त्यानं कुणी बाद नाही अशी मान हलवली.

गहिनीनाथनं हात वर केला.

"लागला," तो म्हणाला.

हवालदारानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यानं तेच सांगितलं. आसाराम तोंड उघडं टाकून बघत राहिला. आपण शिवलो नाही हे त्याला कळत होतं, पण घरी चालत आलेल्या ढालीला नाही कोण म्हणतं? हवालदारानं ढाल मिरीच्या हवाली केली.

गहिनीनाथ वळला. वस्तादाचं काळं पडलेलं तोंड त्याला डोळे भरून बघायचं होतं. पण खाजाभाईच्या डोळ्यांतनं पाणी चाललं होतं आणि तो हसत होता. गहिनीनाथच्या अंगावर धावून आलेल्या पोरांना त्यानं दोन्ही हातांनी मागं सारलं. आपला फेटा सोडला आणि गहिनीनाथच्या डोक्याला बांधायला लागला. तालीम जाते तर जाऊ दे, म्हणाला, इतक्या वर्षांत एक पोरगं तरी माझ्या हातनं माणूस झालं.

गहिनीनाथचं अंग पेटलं. एवढा वर्षभराचा डाव साधला आणि म्हातारा सुखानं घरी जाणार? अजून एक घाव त्याच्या हातात होता. तो खाजाभाईच्या कानाशी वाकला.

"वस्ताद, हात लागलाच नव्हता. तुमची तालीम जावी म्हनून म्या हात वर केला."

खाजाभाईचे हात फेट्यावरच थांबले. त्याचं तोंड आता हवं तसं झालं होतं. गहिनीनाथला आतून गार गार वाटलं.

मग खाजाभाईनं राहिलेले वेढे दिले. शेमला नीट पाठीवर सोडला. दोन पावलं मागं सरून पोराकडं बघितलं.

"तिसगावात जाईस्तवर ह्यो काढायचा न्हाई," तो हळूच म्हणाला. "अन् वाटंत जो कोन इचारंल, त्याला कशापायी मिळाला ते तूच सांगायचं. मी बोलनार न्हाई."

उन्हं कलली तसे सगळे निघाले. खाजाभाई बोडक्यानं पुढं चालला होता, त्याच्या मागं गहिनीनाथ, आणि बरंच अंतर सोडून बाकीची पोरं. पहिल्याच ओढ्याला बाया धुणं धूत होत्या. त्यांतल्या एका म्हातारीनं लुगडं पिळता पिळता मान वर केली आणि कौतुकानं विचारलं, "कशाचा रं फेटा, बाळा?"

खाजाभाई थांबला. मागं वळून मात्र त्यानं बघितलं नाही.