दिवाणातला नाताळ

दिवाणाची फळी नितेशने धरून ठेवली होती आणि त्याची आई शेवंती आत डोकं घालून व्याह्यांसाठी नाताळच्या भेटी शोधत होती. इतर लोक भेटी शोधायला दुकानात जातात. भांडुपच्या या घरात दिवाण होता.

त्यात काय नव्हतं! लग्नांतले लेमन सेट, सत्यनारायणाच्या पूजेतले स्टीलचे डबे, वास्तुशांतीची भिंतीवरची घड्याळं, देण्याघेण्याच्या साड्या. सगळं न उघडलेलं. प्रत्येकावर शेवंतीच्या अक्षरात चिठ्ठी, कोणाकडून आलं त्याची. आलेली वस्तू चुकून त्याच घरी परत गेली तर इज्जतीचा फालुदा व्हायचा. तेवढी एक लाज या घराने सांभाळली होती.

घरची लेक दिशा समोर स्टुलावर बसली होती. दोन वर्षांपूर्वी तिने सांताक्रूझच्या मेल्विनशी लग्न केलं, तेव्हापासून माहेरच्या एकानेही तिच्या सासरी पाऊल टाकलं नव्हतं. यंदा विहीणबाईंनी स्वतः फोन करून नाताळच्या जेवणाला बोलावलं. एकदाच नीट या, काहीतरी मनापासून आणा, म्हणून दिशा सकाळपासून विनवत होती. मनापासून म्हणे! शेवंतीने एक तपकिरी साडी काढली. विहीणबाई फ्रॉक घालतात हे आठवलं तशी परत कोंबली.

दिशाचा बाप लवू, त्याचं दुखणं वेगळंच. त्या लोकांकडे म्हणे भेट पाहुण्यांच्या देखत कागद फाडून उघडतात आणि सगळ्यांना दाखवतात. काही रीतभात आहे की नाही, असं तो कुरकुरत होता. आपल्याकडे कसं, भेट घ्यायची, 'कशाला आणलंत' म्हणायचं आणि दिवाणात टाकायची. मग वरून चकाचक दिसेल असं काहीतरी द्या, आत काय निघेल ते त्यांचं नशीब, हा नितेशचा सल्ला.

तेवढ्यात शेवंतीला कोपऱ्यात एक खोकं सापडलं. लाल कागद, सोनेरी रिबीन, अगदी नाताळचंच. पॅक करायची कटकटही वाचली. तिने ते हरखून दिशाच्या मांडीवर ठेवलं आणि दोन्ही गुडघे धरून कण्हत उठली.

"विहीणबाईंना हे दे. झकास दिसतंय ना?"

दिशाने खोकं उलटं केलं. खाली चिठ्ठी होती. 'दिशाकडून. तिच्याकडे परत जाऊ नये.'

आत गुडघे शेकायचा पट्टा होता. दिशाला उघडून बघायची गरज नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला तिनेच तो आईसाठी पाठवला होता. फोनवर विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, रोज लावते गं, खूप आराम पडतो.

शेवंतीने घाईघाईने हात पुढे केला. दिशाने खोकं दिलं नाही. चिठ्ठी तेवढी सोडवून आईच्या हातात ठेवली.

"हेच देते, आई. त्या घरी उघडून तरी बघतात."