लोखंड्याचा डावा पाय

"हा आपला लोखंड्या नव्हे," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

मध्यंतरातच अर्धं थिएटर रिकामं झालं होतं. पडद्यावर तो अजस्र यंत्रमानव शहर तुडवत होता, समोरचा राक्षस पहिल्या भागातल्यापेक्षा तिप्पट मोठा होता, स्फोटांना तर धरबंध नव्हता, आणि लोक जांभया देत होते.

"आतला माणूस बदलला असणार," दुसरा म्हणाला. "चाल बघ ना. बँकेत निघाल्यासारखा चाललाय."

पुढे बसलेल्या माणसानं मान खाली घातली. आतला माणूस बदलला नव्हता. तो तोच होता, इथे या खुर्चीत बसलेला. फक्त त्याचा पाय बरा झाला होता.

"चला, घरी जाऊ," शेजारून बायको हळूच म्हणाली.

लहानपणी मोडलेला त्याचा डावा पाय कसाबसा जुळला होता. पहिल्या भागात यंत्रमानवाचं ते जडशीळ चिलखत चढवून तो पुठ्ठ्याच्या शहरातून चालला, तेव्हा डावा पाय घासत यायचा, क्षणभर अडायचा आणि धाडकन खाली पडायचा. ते त्याचं दुखणं होतं. लोकांना वाटलं, जखमी झाला तरी न हटणारा असा हा कुणी आहे. पोरं गल्लोगल्ली तसं चालायला लागली. शेवटच्या लढाईत लोखंड्या पुलावरून एकटा निघाला, तेव्हा बाप्यांनी डोळे पुसले.

मग निर्मात्यांना उपकाराची उबळ आली. मोठं इस्पितळ, पायाचं ऑपरेशन, फुलांचा गुच्छ, पेपरात फोटो. आपण नेमका कशाला हात लावतोय, हे एवढ्या शहाण्यांत एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सगळ्यांत जास्त आनंद बायकोला झाला होता. इतकी वर्षं तो पाय तिनंच शेकला होता. टाके निघाल्यावर तिनं त्याला मैदानावर नेलं, धावायला लावलं आणि स्वतः कडेला बसून हसता हसता रडली.

तिचं कामही त्या चिलखताशीच बांधलेलं. आत शिरलं की त्याला समोरच्या फटीतून दिसेल तेवढंच, पायाखालचं काही नाही. म्हणून ती कॅमेऱ्याच्या बाहेरून त्याच्या बरोबरीनं चालायची आणि त्याच्या कानातल्या यंत्रात बोलायची. "सपाट." "पायरी." दोनच शब्द. तिच्या शब्दावर तो डोळे मिटून चालायचा. दोन्ही भागांत तिचा शब्द एकदाही चुकला नव्हता.

दुसरा भाग आपटल्यावर दिग्दर्शक घरी आला. दादा काय, वहिनी काय, तोंडात साखर. तिसऱ्या भागाची शेवटची संधी मिळाली आहे, म्हणाला. एक उंच कसरतपटू पहिला भाग पुन्हा पुन्हा बघून ती चाल घोटतो आहे, हेही सांगितलं.

"दादा, सोमवारी चाचणी. जुनी चाल आली तर चिलखत तुमचं. नाहीतर त्याचं."

"पण त्यांचा पाय बरा झाला, हे चांगलं नाही का झालं?" बायकोनं विचारलं.

"वहिनी, माणूस म्हणून मला आनंदच आहे," तो म्हणाला आणि चहा अर्धा टाकून उठला.

त्यानं बुटात खडा घालून पाहिला. गुडघ्याला फळी बांधून पाहिली. नक्कल वाटायची, तीही वाईट. तो जेवेनासा झाला. एका संध्याकाळी ती भांडी घासत असताना तो मागे येऊन उभा राहिला.

"चिलखत गेलं तर माझ्यात उरतं काय?"

"मी आहे ना."

"तू बाहेरून आहेस. तो पाय परत कुठून आणू, ते सांग."

तिनं नळ बंद केला.

सोमवारी सकाळी तिनं नेहमीप्रमाणे सुताराला बरोबर घेऊन पुठ्ठ्याचं शहर उभारलेला सगळा लाकडी चौथरा स्वतः चालून पाहिला. मग चिलखताचे पट्टे आवळले. डाव्या गुडघ्याचा पट्टा तिनं पुन्हा सोडला, पुन्हा बांधला.

"काचतंय का?"

"नाही."

तो निघाला. फटीतून त्याला दिग्दर्शकाचं आंबट तोंड दिसलं, शेजारी हाताची घडी घालून बसलेला तो कसरतपटू दिसला. पुठ्ठ्याचा पूल मागे पडला. कानात तिचा आवाज आला. त्यानं पाय टाकला.

खाली काहीच नव्हतं. चिलखताचा सगळा भार डाव्या पायावर आला.

इस्पितळात दिग्दर्शकानं चौकशी केली. "वहिनी, तुम्ही सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"दादा, ऐकू आलं होतं?"

"स्वच्छ."

मग चौथराच हलला असणार, असं ठरलं आणि सुताराला काढून टाकलं. तो दारात येऊन उभा राहिला. "भाऊ, पायरी जागेवर होती. तुम्ही तरी खरं सांगा." खाटेवरच्या माणसानं तोंड भिंतीकडे वळवलं. सुतार गेला.

हाड जुळेल, पण पाय ओढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

प्लास्टर निघालं त्या दिवशी दिग्दर्शक मुद्दाम आला. इस्पितळाच्या लांब व्हरांड्यात डावा पाय घासत आला, क्षणभर अडला आणि धाडकन खाली पडला. दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "हीच," तो म्हणाला. "हीच चाल." कसरतपटूला फोनवरच नारळ मिळाला.

घरी आल्यावर तिनं पूर्वीसारखं फडकं तव्यावर तापवलं आणि पाय शेकायला बसली. मान काही वर केली नाही.

"दुखतंय?"

"हो."

"फार?"

"पहिल्यासारखंच."

त्यानं डोळे मिटले. चौथऱ्याच्या त्या कडेला बोलण्याआधी तिनं गिळलेला हुंदकासुद्धा त्याला ऐकू आला होता, आणि मग तिचा तो नेहमीचा, न चुकणारा आवाज: "सपाट."