बोल्टमधलं कुलूप

निवडणूक संपल्यावर निवृत्त सुभेदार निंबाळकर दीड महिन्यापूर्वी ठाण्यात जमा केलेली आपली रायफल परत घ्यायला गेले. हवालदार टेमकरांनी ती टेबलावर ठेवली आणि रजिस्टर पुढं सरकवलं.

"मिळाल्याची सही करा, साहेब. तारीख सोमवारची टाका."

"आज गुरुवार आहे."

"चालतं हो. कागदाचं काम."

मंगळवारी टेकडीवर कुणीतरी गोळी घालून बिबट्या मारला होता. निंबाळकरांनी पेन तसंच ठेवलं आणि रायफल उचलली. गोळी भरायचा बोल्ट हलेना. आतलं बॅटरीवरचं कुलूप हात ओळखायचं. गेल्या महिनाभरात जो हात रायफलीवर सगळ्यात जास्त फिरला, त्यालाच ते मालक मानायचं. चोरापासून निर्धास्त राहा, असं दुकानदारानं सांगितलं होतं.

"बॅटरी उतरली असेल," टेमकर म्हणाले. "कपाटातच पडून होती. कुणी हातसुद्धा लावला नाही."

"असेल. जरा धरा, चष्मा पुसतो."

टेमकरांनी रायफल धरली. खट्ट आवाज झाला आणि कुलूप उघडलं.

निंबाळकरांनी सावकाश चष्मा चढवला आणि रजिस्टर उलटं फिरवून टेमकरांपुढं ठेवलं.

"सही तुम्हीच करा. तारीख मंगळवारची टाका."