चोरखिसा

परदेशात खिसेकापू फार, असं ऐकल्यापासून टेलरमास्तरांची झोप उडाली होती. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी पँटच्या आतून चोरखिसा लावला, सगळे डॉलर त्यात घातले आणि वरून दुहेरी टीप मारून खिशाचं तोंडच बंद केलं. "चोराच्या बापाचा हात पोचणार नाही," हे विमानात त्यांनी बायकोला चारदा ऐकवलं.

उतरल्यावर पैशांच्या मशीनने त्यांचं कार्ड दोनदा जसंच्या तसं परत केलं. उरली नोटा बदलून देणारी खिडकी, आणि ती बंद व्हायला दहा मिनिटं होती. मास्तर खांबाआड गेले, पट्टा सैल केला आणि बायकोपुढे हात केला.

"कात्री दे."

"ती निघतानाच तपासणीत काढून घेतली. तुमच्या देखत."

मास्तरांनी नखं लावली, बॅगेची किल्ली लावली. बायकोने केसातली पिन घालून पाहिली. तिकडे खिडकीचं शटर अर्धं खाली आलं.

"एक टाका हलत नाही बघ," मास्तर घाम पुसत म्हणाले. आवाजात थोडा अभिमानही होता.

बायकोने पिन परत केसात खोवली.

"तीस वर्षं लोक उसवलेले कपडे घेऊन दुकानात भांडायला येतात, आणि तुम्हाला पक्कं शिवायचं नेमकं आत्ताच सुचलं."