गुरुजी रिपोर्टची वाट बघतायत

सुतक आहे की नाही, हे परळच्या एका लॅबवर येऊन अडलं होतं.

लालबागच्या चाळीचा टॉवर झाला होता आणि शुक्रवारी बाविसाव्या मजल्यावर हितेंद्रच्या घराची वास्तुशांत होती. त्यातच त्याच्या बायकोची, दर्शनाची, पिशवी साफ करावी लागली. सोनोग्राफीत बाळाऐवजी द्राक्षांसारखा घोस दिसला होता. द्राक्षगर्भ, डॉक्टर म्हणाले. त्यात प्रकार दोन. एकात बाळ धरतं पण टिकत नाही, दुसऱ्यात बाळ नसतंच. गुरुजींनी फोनवर निकाल राखून ठेवला. "गर्भ होता तर सुतक. नुसतीच गाठ असेल तर नाही. रिपोर्ट आला की व्हॉट्सअ‍ॅप करा."

दर्शनाला रिपोर्ट नको होता. तिला बघायचं होतं. तिची चोरओटी भरून झाली होती. म्हणजे सासूसकट पाच बायकांनी त्या घोसाला नारळ-तांदूळ देऊन घरात घेतलं होतं. आता त्याच्यासाठी कुणीतरी जरा गप्प बसावं, एवढंच तिचं म्हणणं. सुतकात निदान गप्प बसायची सोय असते.

लॅबमधल्या डॉक्टर ऋग्वेदा तिच्याच वयाच्या होत्या. त्यांनी मायक्रोस्कोपसमोरची खुर्ची तिला दिली.

"आईकडून आलेला वाटा असला की या मार्करने पेशी तपकिरी होतात. बघा."

दर्शनाने बघितलं. निळसर, फुगलेले गोल. तपकिरी काहीच नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे बाळ नव्हतंच. तुमचं बीज रिकामं होतं. यातलं सगळं वडिलांकडून आलंय."

मागे उभ्या हितेंद्रने उगाच कॉलर नीट केली. एरवी त्याच्याकडून सांगितलेली भाजीसुद्धा सगळी येत नसे.

"आता काही महिने रक्त तपासत राहायचं," डॉक्टर म्हणाल्या. "काही मागे राहिलं असेल तर ते वाढू शकतं. तोवर चान्स घ्यायचा नाही."

तेवढ्यात हितेंद्रच्या आईचा, चंपाबाईंचा, फोन आला. त्यांच्या आवाजाला स्पीकर लागत नाही.

"काय रे, काय म्हणता डॉक्टर?"

"बाळ नव्हतं, आई."

"मगे सुतक नाय मां?"

"नाही."

"बरा झाला! देव पावलो. दर्शनाक सांग, हिरवी नऊवारी इस्त्रीक टाकलंय."

फोन ठेवताना हितेंद्र हसला, सुटल्यासारखा. दर्शनाकडे नजर गेल्यावर त्याने ते हसू आवरायला घेतलं, पण ते काही पुरतं आत जाईना.

"सुतक आहे," दर्शना म्हणाली.

"अगं, ऐकलंस ना? बाळच नव्हतं."

"ऐकलं. सगळं तुझ्याकडचं होतं. मग तुमच्याच घरातलं कुणीतरी गेलं ना? मी तर त्यात नव्हतेच. तुम्ही पाळा."

हितेंद्रने गुरुजींना व्हॉट्सअ‍ॅपवर 'सुतक' एवढं लिहिलं आणि पुसलं.

ती पुन्हा मायक्रोस्कोपवर वाकली. हात लागून काच जराशी सरकली आणि एका बाजूने तपकिरी पट्टा आत आला.

"हे काय?"

"ते तुम्ही," ऋग्वेदा म्हणाल्या. "पिशवीचं अस्तर. साफ करताना सोबत आलेलं. हे सगळं त्याला चिकटून होतं."

दर्शना बघत राहिली. तपकिरी पट्टा त्या फुगलेल्या, निळसर गोलांना बिलगून पुढे वळत गेला होता.

हितेंद्रने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "चल, निघू या."

"थांब," डोळे न काढता ती म्हणाली. "मी अजून धरून आहे."