उबेचं चित्र

कोगनोळीजवळच्या रानात एकट्या राहणाऱ्या अंबूआक्कांकडे आठवडाभर संध्याकाळी माणसं येत होती. बेळगावची भैरवी तिथं ड्रोन उडवून पुरलेल्या देवळाचा पाया शोधत होती. मातीखालचे दगड दिवसभराची ऊब धरून ठेवतात आणि ऊन उतरल्यावर ड्रोनच्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात उजळतात. पण त्यांच्याहून जास्त उजळायच्या आक्का, चहाची किटली घेऊन नेमक्या मधोमध बसलेल्या. "आक्का, तुमच्या उबेनं चित्र बिघडतंय. उद्या परत यावं लागणार." "ये की. मी कुठं जातीया?" आज भैरवीनं हात जोडले, तेव्हा आक्का घरात बसल्या. चित्र पहिल्यांदाच स्वच्छ आलं. भैरवीनं पडद्यावर पायाचा चौकोन दाखवला. "ह्यात मी कुठाय गं?" "तुम्ही नाही, म्हणून तर नीट आलंय. झालं आमचं काम." गाडी भरली. आक्का गाडीच्या खिडकीशी आल्या. "बिघडलेलं एखादं चित्र दे की. भिंतीला लावीन. तेवढंच घरात दुसरं माणूस."