लोकसभेत आमचा फाटा

“हसला? मंत्री हसला?” सोजराबाईच्या हातातली भेंडी कचकन मोडली. “त्याच्या तोंडात माती पडो! पुढं वाच, अन्ने.”

अन्नपूर्णानं पेपर डोळ्यांजवळ नेला. सुलतानपूरच्या दुकानातून बिड्यांच्या बंडलांभोवती गुंडाळून आलेला, दोन दिवसांचा शिळा पेपर. बारा घरांच्या त्या वस्तीत सहीपुरतं येणारे पुष्कळ होते, पण असा घडाघडा पेपर वाचणारी ही आठवीतली पोर एकटीच. म्हणून दिवस कलला की बायामाणसं तिच्या बापाच्या, मोतीरामच्या ओट्यावर गोळा व्हायची, आणि सगळ्यांच्या पुढं त्याची विधवा बहीण सोजराबाई.

“‘मंत्र्यांचं हसणं पाहून खासदार भगवंतराव खवळले,’” अन्नपूर्णानं सूर लावला. “‘ते म्हणाले, अध्यक्ष महाराज, तेल महागलं, रॉकेलला रांगा लागल्या, शिकलेली पोरं बेकार फिरतात, आणि सरकार म्हणतं सगळं ठीक आहे! माझ्या मतदारसंघात, लोणारच्या रस्त्यावर, बाभळीखाली मुली दप्तर घेऊन उभ्या असतात आणि एस.टी. त्यांच्या अंगावर चिखल उडवून पळून राह्यली! मंत्री म्हणाले, एस.टी. हा राज्याचा विषय आहे, दिल्लीचा नाही. त्यावर भगवंतराव गरजले, मग मुलींचं शिक्षण हा कोणाचा विषय आहे, तेवढं सांगा आणि खाली बसा!’”

ओट्यावर एकच गलका उडाला.

“पळून राह्यली म्हणाला!” सोजराबाईनं मांडीवर थाप मारली. “दिल्लीत जाऊन आपली बोली नाही सोडली मानसानं. अन् आपली बाभूळ बी त्याले ठाऊक! नाहीतर तो मंत्री. खुर्चीत बसून हसते मेला!”

सोजराबाईचा संताप उगाच नव्हता. महिना झाला, लोणारची एस.टी. वस्तीच्या फाट्यावर थांबत नव्हती. वेळेवर पोचायचा वरून हुकूम आहे, म्हणे. एक मिनिट उशीर झाला तर नोकरी जाते. सोजराबाईची भाजीची पाटी चार कोस डोक्यावरून जायची. ते तिनं सोसलं. पण मोतीरामनं लेकीला बजावलं होतं, “पोळ्यापर्यंत गाडी थांबली तर ठीक. नाहीतर शाळा बंद, वावरात चाल.” तेव्हापासून अन्नपूर्णा धड जेवत नव्हती आणि तिची आत्या धड बोलत नव्हती, नुसती भांडत होती. भावाशी, शेजारणींशी, बकरीशीसुद्धा.

“इथं काऊन कोरं हाय व?” तिनं पेपरातल्या एका पांढऱ्या चौकोनावर बोट ठेवलं.

“शाई संपली असंल, आत्या,” म्हणत अन्नपूर्णानं पेपराची घडी घातली.

पुढचे चार दिवस भगवंतरावांनी लोकसभा डोक्यावर घेतली. एके दिवशी गव्हाचे भाव, एके दिवशी सरहद्द, आणि मग फिरून फाटा. एकदा तर म्हणे मंत्र्यानं झोपेचं सोंग घेतलं. त्या रात्री सोजराबाईनं भाकरी अशी थापली की शेजारची रुखमाबाई पळत आली, काय झालं म्हणून.

पाचव्या दिवशी अन्नपूर्णा वाचता वाचता उभीच राहिली. “‘शेवटी भगवंतराव म्हणाले, मी इथं एकटा भांडतो आहे. माझ्या भागातल्या बाया तिथं गप्प का?’”

सोजराबाईनं हातातलं काम खाली ठेवलं.

“आपल्यालेच म्हणते तो,” सोजराबाई हळूच म्हणाली. मग ओरडली, “ऐकलं का व सगळ्याईनं? आपल्यालेच म्हणते!”

दुसऱ्या दिवशी सकाळी चौदा बाया भाजीच्या पाट्या घेऊन भर रस्त्यात बसल्या. एस.टी. करकचून थांबली.

“ए बाई, मरायचं हाय का?” ड्रायव्हर खेकसला.

“तूच मर बे! तुह्या घरी लेकी नाहीत का?” सोजराबाई बॉनेटसमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “आमचा भगवंतराव लोकसभेत भांडून राह्यला आमच्यासाठी! पेपरात छापून आलं! तू कोन रे गाडी न थांबवणारा?”

कंडक्टर खाली उतरला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं गाडीतल्या माणसांकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. “बाई, ते नाव मोठ्यानं घेऊ नका. बसा. बसा लवकर सगळ्या.”

“पाहा! नावालेच भ्याला!” महिन्याभरात सोजराबाई पहिल्यांदा हसली. अन्नपूर्णा दप्तर छातीशी धरून खिडकीशी बसली होती. त्या दिवसापासून गाडी फाट्यावर थांबू लागली, आणि मोतीराम शाळेबद्दल चकार शब्द बोलला नाही.

आता एवढं झाल्यावर सोजराबाई थोडीच गप्प बसणार! कोवळ्या भेंडीची पाटी भरून ती भगवंतरावांच्या घरी दुसरबीडला निघाली.

“कायले जातं, आत्या?” अन्नपूर्णानं तिचा पदर धरला. “ते दिल्लीत असतील.”

“त्याची बायको तर हाय. तू बी चाल.”

“मी नाही येत. माह्यी परीक्षा हाय.”

“आत्ता कोनती परीक्षा व?” पण थांबते ती सोजराबाई कसली.

भगवंतरावांच्या दाराशी स्टुलावर एक पोलीस बसला होता. त्यानं तिचं नाव, गाव वहीत लिहून घेतलं. मोठ्या माणसाचा थाट मोठा, तिला वाटलं. तिनं नाव दोनदा सांगितलं, ठासून.

आत भगवंतरावांच्या पत्नी सत्यभामाबाई एकट्याच होत्या. सोजराबाईनं पाटी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि हातवारे करत ते सगळं भाषण म्हणून दाखवलं. तेल, रॉकेल, बाभूळ, चिखल. मंत्र्याच्या हसण्यापाशी तिला पुन्हा संताप आला, तिचा आवाज छताला भिडला.

 सत्यभामाबाईंनी लगबगीनं उठून दार लोटलं.

“हे कधीचं म्हणता तुम्ही?”

“मंगळवारचं! मंत्र्याले धू धू धुतला. पेपरात आलं ना, आमची अन्नपूर्णा रोज वाचून दाखवते. मले कुठं वाचता येते!”

“बाई,” सत्यभामाबाई तिचा हात घट्ट धरून म्हणाल्या, “आणीबाणी लागली त्या सव्वीस जूनच्या पहाटेच पोलीस त्यांना घेऊन गेले. तेव्हापासून ते तुरुंगात आहेत. पेपरात तर त्यांचं नावसुद्धा छापू देत नाहीत.”